काकू आयसीयूत असताना

इंदूर

प्रिय मिलिंद,

काकूंना व्हेंटिलेटरवर ठेवल्याचं कळलं. बडोद्यातला निम्मा दांडिया बाजार आता आयसीयूबाहेरच्या बाकांवर बसला असेल, आणि डॉक्टर काय म्हणाले ते प्रत्येक जण वेगळं सांगत असेल. म्हणून आधी एवढं कर: डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरव, तू किंवा ताई. बाकीच्यांना रात्री व्हॉट्सॲपवर एक निरोप गेला की पुरे.

एक वही घे. रोज ठरलेल्या वेळी चार गोष्टी लिही: व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के, बीपीचं औषध किती वेगाने चाललंय, लघवी किती, ताप किती. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मशीनवरचा ६० वरून ४० वर आला तर फुप्फुसं सावरताहेत असं धर. सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘बीपी नॉर्मल आहे’. नॉरअ‍ॅड्रेनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाच्या जोरावर नॉर्मल असेल, तर ते सोडणाऱ्या पंपाचा वेग कालच्यापेक्षा वाढला की घटला, ते विचार. लघवी वजनाच्या हिशेबाने बघतात, किलोमागे तासाला साधारण अर्धा मिली. काकू ६० किलोच्या धरल्या तर तासाला ३० मिली. मॉनिटर सारखा वाजतो, पण बरेचदा बोटावरचा चिमटा सरकलेला असतो किंवा पेशंट खोकलेला असतो. तिकडे टक लावून बसू नकोस.

‘वाचतील ना?’ याला कुणीही डॉक्टर गुळमुळीतच उत्तर देणार. त्यापेक्षा विचार: कालपासून काय बदललं? तुम्हाला धास्ती कशाची आहे? पुढच्या दोन दिवसांत काय दिसलं तर बरं म्हणायचं?

भेटीची दहा मिनिटं मिळतील. हात धुऊन आत जा, चष्मा आणि कानाचं यंत्र ने (सिस्टरना सांगून, नाहीतर हरवतं). वार, वेळ, आपण कुठे आहोत, हे मराठीत सांग. गुंगीच्या औषधांनी आणि जागरणाने या वयात माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, नळ्या ओढतो. त्याला वेड लागलेलं नसतं.

१९७९ साली नॅन्सी मोल्टर या अमेरिकी परिचारिकेने अशा नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली होती. सगळ्यात वर आली आशा; स्वतःच्या सोयीगैरसोयी पार तळाशी. तूही तेच करत असणार. पाळ्या लावा, रात्री एकानेच थांबा, आणि त्याचा फोन नंबर सिस्टरकडे कागदावर लिहून द्या. फोन नक्की येईल याची खात्री असली तरच घरी झोप लागते.

पैशाचं थोडक्यात. कॅशलेसची पहिली मंजुरी तुटपुंजी असते. ती संपायच्या आत वाढीव मागणी पाठवायला बिलिंग काउंटरला सांग. २०२४ पासूनच्या नियमाने विमा कंपनीला कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. न वापरलेली औषधं परत होतात का, तेही विचार. डोस बदलला की उरतातच.

आणि एक कागद सिस्टरसाठी, गुजरातीत: काकू काय म्हणतात, त्याचा अर्थ काय. ‘दुखतंय’ त्यांना कळेल, ‘कूस बदल’ नाही कळायचं. ‘तहान’ला तिकडे ‘तरस’ म्हणतात, काकू घाबरायच्या! पण घशातली नळी काढल्या काढल्या त्या पाणीच मागतील. सिस्टरना विचारल्याशिवाय चमचाभरसुद्धा देऊ नकोस. गिळणं जमत नसलं तर ते फुप्फुसात उतरतं.

तुझा,
अविनाश