तेरेसेचा अनवाणी पाय

रोम

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

‘फोटोत बेर्निनीची ती तेरेसा मला नाटकी वाटते, तू प्रत्यक्ष पाहून काय ते कळव,’ असे तू निघताना म्हणाला होतास, म्हणून हे पत्र. सांता मारिया देल्ला वित्तोरिया हे चर्च इतके आटोपशीर आहे की पहिल्यांदा मी त्याच्यासमोरून तसाच पुढे निघून गेलो. आत डाव्या हाताला कोर्नारो घराण्याचे चॅपल आहे आणि तिथे बेर्निनी या इटालियन शिल्पकाराने १६४७ ते १६५२ या काळात घडवलेली, भावसमाधीत हरपलेली संत तेरेसा संगमरवरी ढगावर रेललेली आहे. पोपच्या सेंट पीटर चर्चवरचा त्याचा घंटामनोरा तडे गेल्यामुळे १६४६ मध्ये पाडून टाकला होता आणि पोपच्या दरबारात त्याची पत घसरली होती. अशा दिवसांत फेदेरिको कोर्नारो या व्हेनिसच्या कार्डिनलने हे काम त्याच्या हाती सोपवले.

स्पेनमधल्या आविलाची ही जोगीण. देवदूताने सोन्याचा भाला काळजात अनेकदा खुपसला, त्याच्या लोखंडी टोकाशी विस्तव दिसत होता, वेदनेने कण्हत असतानाही ती गोडी सरू नये असे वाटत होते, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. ती वेदना आत्म्याची होती, मात्र शरीराचाही त्यात वाटा असतो, किंबहुना बराच असतो, हेही ती मोकळेपणाने सांगते. या शिल्पात शृंगारच पाहणाऱ्यांचा गेली काही शतके जो गदारोळ चालला आहे, त्याला माझ्या मते तिच्या या एका वाक्यातच उत्तर आहे. शिवाय गंमत अशी की शरीर म्हणावे असे तिथे फारसे दिसतच नाही. अर्धवट मिटलेले डोळे, उघडे ओठ, गळून पडलेला हात आणि ढगाबाहेर लोंबणारे अनवाणी पाऊल, एवढेच. बाकी सगळा झग्याचा कल्लोळ! देवदूताचे वस्त्र ज्वाळेसारखे वर उसळते, तिचे मात्र जड होऊन खाली ओघळते. त्या पावलापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण तिने सुरू केलेला पंथच ‘अनवाणी’ कार्मेलाइट या जोगी-जोगिणींचा होता.

वरच्या बाजूला, आपल्याला दिसणार नाही अशा बेताने, एक खिडकी ठेवली आहे. बाहेर ढग आला की मागचे सोनेरी किरण विझल्यासारखे होत आणि ढग सरकला की तिचा गाल हळूहळू उजळे.

तुम्हा गोवेकरांसाठी एक आठवण. १२ मार्च १६२२ रोजी हिला संतपद मिळाले, तेव्हा त्याच सोहळ्यात तुमच्या ‘गोंयच्या सायबा’लाही, म्हणजे फ्रान्सिस झेवियरलाही, ते मिळाले.

नाटकी म्हणालास, ते खरेच आहे, आणि शिल्पकाराने ते लपवलेलेही नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींत नाटकगृहासारखे सज्जे काढून त्यांत कोर्नारो घराण्यातले आठ पुरुष बसवले आहेत. कोणी वाचतो आहे, कोणी शेजाऱ्याशी वाद घालतो आहे. मी भिंतीला पाठ लावून त्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला. तिथून तेरेसा दिसतच नाही.

तुझा,
माधव