प्रकल्प कपाटात का जातात?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी समाजोपयोगी संशोधनाकडे वळावे, असे आवाहन करणारा आपला अग्रलेख वाचला. आवाहन रास्तच आहे. पण मुलांना इच्छा नाही असे नव्हे. घोडे अडते ते शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पापाशी. अनेक ठिकाणी तो चक्क तयार विकत आणला जातो, तोंडी परीक्षा उरकते आणि अहवाल कपाटात जातो. पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून सुरुवात करते.

खरे तर चौकट आपल्याकडे आहे. मुंबई आयआयटीतील 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करते. राज्य सरकारनेही २०१६ मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील पाणी, इंधन, वाहतूक अशा प्रश्नांचा अभ्यास करावा आणि प्रशासनाने तो वापरावा, हा त्यामागचा विचार. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी पुण्याच्या 'आरती' संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. असे विषय आमच्या ऊसपट्ट्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर आहेत.

मात्र असे काम एका सत्रात होत नाही. म्हणून एकच विषय सलग तीन-चार तुकड्यांनी पुढे नेण्याची मुभा विद्यापीठांनी द्यावी, प्रत्यक्ष वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या वा ग्रामपंचायतीच्या अभिप्रायाला गुण ठेवावेत आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या गावभेटी त्यांच्या कार्यभारात धराव्यात.

– एक अभियांत्रिकी शिक्षक, कराड