शेलूच्या काका-काकूंचे आणि त्या दोन पोरांचे आभार

मुंबईतलं भाड्याचं घर सुटलं आणि भर जुलैत आम्ही कर्जत लाइनवर, वांगणीच्या पुढे शेलूला राहायला आलो. घरापासून हाकेच्या अंतरावर सामानाचा टेम्पो चिखलात रुतला. वीज गेलेली, ड्रायव्हर वैतागलेला, आणि गुडघ्यांमुळे आईला खाली उतरताही येईना.

समोरच्या घरातून एक काका बॅटरी घेऊन आले. काही न विचारता त्यांनी दोन पोरांना हाक मारली. चाकाखाली विटांचे तुकडे नि पेंढा टाकून टेम्पो निघाला. पुस्तकांची खोकी भिजू नयेत म्हणून पोरांनी त्यांवर खताच्या रिकाम्या गोण्या घातल्या. फ्रिजही त्यांनीच उचलला. माझा हात नावापुरता!

रात्री काकू तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या. आईकडे बघून आधी घरी जाऊन गरम पाणी आणलं. "पाय शेका, मग जेवा." मुंबईत एकवीस वर्षांत शेजारी कोण राहतं हे आम्हाला धड माहीत नव्हतं.

पैशांचं विचारलं तर काका रागावले. नाव लिहू नकोस, असंही बजावलंय. म्हणून नुसतेच मनापासून आभार. डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा द्यायचा नाही म्हणून आईने पुरण शिजत घातलंय.