टिकिटेरेला जाण्याआधी

ऑकलंड

प्रिय विजू,

तुझा बेत वाचला. रोटोरुआच्या 'हेल्स गेट' या गरम झऱ्यांच्या आणि चिखलस्नानाच्या जागेसाठी तू दोन तास धरलेत, ते पुरणार नाहीत. अर्धा दिवस ठेव. आणि निघण्याआधीच काकूंना एक गोष्ट नीट समजावून सांग: तिथं डोकं बुडवायचं नाही. अकलोलीच्या कुंडात डोक्यासकट तीन डुबक्या मारल्याशिवाय आपल्याकडे आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, पण इथं ती सवय जिवावर बेतू शकते. न्यूझीलंडच्या गरम झऱ्यांमध्ये नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पाणी पोटात गेलं तर तो काही करत नाही. नाकातून वर गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो, आणि त्यातून माणूस वाचणं फार अवघड. असं क्वचितच घडतं, म्हणूनच लोक इशाऱ्याच्या पाटीकडे काणाडोळा करतात. पाणी खांद्यापर्यंतच. तोंडावर ओंजळ मारायची नाही, आणि पोरांनी एकमेकांवर उडवायचंही नाही.

ऑकलंडहून रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर, गाडीनं तीन तास. तिथून विमानतळावरून पुढे हायवे ३० धरायचा, पंधरा-सोळा किलोमीटरवर हे ठिकाण. जागा माओरी लोकांच्या मालकीची आहे. न्गाती रंगितेआओरेरे ही तिथली मूळ जमात. 'हेल्स गेट' हे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यामुळे पडलं असं सांगतात, ते १९३४ साली न्यूझीलंडला आले होते. खरं नाव टिकिटेरे. नवऱ्यानं केलेल्या अपमानाला कंटाळून हुरुतिनी नावाच्या तरुणीनं तिथल्या उकळत्या कुंडात उडी घेतली, आणि 'माझं लाडकं इथं तरंगतंय' असा तिच्या आईनं टाहो फोडला. त्या माओरी शब्दांतून हे नाव आलं. तिथल्या माणसांशी बोलताना टिकिटेरे म्हण. तेवढं लक्षात येतं त्यांच्या.

आधी फेरी, मग चिखल, मग गंधकाचं पाणी, हाच क्रम ठेव. फेरीला तासभर लागतो. पायवाट सोडू नका. बाजूची जमीन घट्ट दिसते, पण खालच्या वाफेनं आणि आम्लानं खडक पोखरलेला असतो. वर नुसती पापडी उरते. चिखलही त्याच आम्लाचा. खालून हायड्रोजन सल्फाइड हा वायू वर येतो, हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं, आणि ते खडक विरघळवून त्याची मऊ माती करतं. वाटेत काकाही धबधबा लागेल. त्याचं पाणी ऊन आहे. लढाईनंतर योद्धे जखमा धुवायला तिथं येत. आपण फक्त बघायचा.

चिखलात वीस मिनिटं, जास्त नाही. तो दाट नसतो, पातळ पाण्याच्या तळाशी बसलेला असतो. हातानं काढून अंगाला चोळायचा. डोळ्यांजवळ अजिबात नको. आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलेलं असेल तर चरचरून आग होते, म्हणून वहिनींना आधीच सांग. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. नंतर शॉवरखाली सगळा चिखल धुऊन मगच गंधकाच्या टाकीत उतरायचं. रक्तदाब कमी असलेल्यांना एकदम उभं राहिलं की भोवळ येते, तेव्हा काकूंनी कठडा धरून सावकाश उठावं आणि आधी-नंतर भरपूर पाणी प्यावं. गरोदर बाईनं यात उतरूच नये. दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वास कुजक्या अंड्यासारखा येतो. थोड्या वेळानं तो जाणवेनासा होतो, पण वायू गेला असं समजू नकोस, नाक बधिर झालेलं असतं. वाऱ्याच्या जागी बसा.

आता दागिने. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी सगळं हॉटेलातच ठेवा. पाण्यात न उतरताही, नुसत्या हवेनं चांदी काळवंडते. हलक्या कॅरटच्या सोन्यात तांबं-चांदी जास्त असते, तेही डागळतं, म्हणून मंगळसूत्रही नको. पोहण्याचे कपडे जुने आणि गडद रंगाचे न्या. वास दोन-तीन धुण्यांपर्यंत जात नाही. येताना ते घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, नाहीतर अख्ख्या बॅगेला लागेल.

एवढं सांगूनही वहिनींची जोडवी पायातच राहिली, तर चिंचेनं घासत बसू नका. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, वर जोडवी फॉइलला टेकतील अशी ठेवा, पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे खायचा सोडा घाला आणि उकळतं पाणी ओता. चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, काही मिनिटांत काळेपणा उतरतो. मोती किंवा खडे असतील तर मात्र हे करू नका.

चिखलाची वेळ आधी आरक्षित कर. काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल