पालकमंत्री साहेब, अस्तंब्याहून उतरणाऱ्यांना एसटी द्या

मा. पालकमंत्री महोदय,
नंदुरबार जिल्हा.

सप्रेम नमस्कार.

2025 च्या दिवाळीत अस्तंबा डोंगराच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली. दारात आकाशकंदील लागलेले आणि घरातून मयत निघालेली, असे ते दिवस होते. यात्रा भरते धनत्रयोदशीला, आणि आता पुढची धनत्रयोदशी 6 नोव्हेंबर 2026 ला आहे. पोरांचे गट आत्तापासून ठरतात, गाड्या आत्तापासून सांगून ठेवल्या जातात. म्हणून हे पत्र.

अस्तंबा 1325 मीटर, महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत याच डोंगरात फिरतो, असं आपल्याकडची आजी सांगते. लोक रात्री चढतात त्याला श्रद्धेइतकंच ऊनही कारण आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरात सातपुड्याच्या उघड्या सोंडा तव्यासारख्या तापतात, वाटेवर पाणी नाही, सावली नाही. रात्री चढून उगवता सूर्य पाहणं हा शहाणपणाचा रिवाज आहे. तेव्हा रात्रीच्या चढाईला बंदीचा फलक हा अपघातांवरचा उपाय नव्हे. बंदी घातली की पोरं आडवाटेने चढतात आणि हरवतात.

रात्रीच्या चढाईचं गणित आधी समजून घ्या. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो, तांबडं सहाच्या आसपास फुटतं. म्हणजे माथ्यावर पोचायचं पावणेसहाला. दिवसा सरावाचा माणूस तासाला तीनेकशे मीटर उंची चढतो. रात्री, दहा जणांच्या गटात, नवख्याला बरोबर घेऊन त्याला दीडपट वेळ लागतो. तरी मध्यरात्रीनंतर निघालं की पुरतं. हे कुणी सांगत नाही. गाडीतून उतरले की नऊ-दहालाच निघतात आणि अडीच-तीनला माथ्यावर. घामाने भिजलेला शर्ट, वर सुटलेला वारा, खालच्या सपाटीपेक्षा सहा-सात अंश कमी तापमान. तीन तास कुडकुडत काढायचे, झोप नाही. कोरडा बनियन आणि कानटोपी पिशवीत असती तरी निभावलं असतं.

धनत्रयोदशी ही कृष्ण पक्षातली तेरस. चंद्राची कोर उगवते पहाटे चार-साडेचारला, म्हणजे जवळजवळ सगळी चढण मिट्ट काळोखात. मोबाइलचा उजेड हातात धरला की एक हात गेला, आणि तीन-चार तासांत बॅटरी संपली की फोनही गेला. डोक्याला बांधायची विजेरी हवी, सोबत सेलचा जादा जोड. घसाऱ्यावर पुढच्याच्या पायाखालून निसटलेला दगड मागच्याच्या डोक्यात बसतो, म्हणून उभ्या चढावर दोघांत पाच-सहा हातांचं अंतर आणि दगड सुटताच 'दगड!' अशी आरोळी. कातळावर वाळलेलं गवत आडवं पडलं की पाय तेलावर पडल्यासारखा सरकतो, विशेषतः उतरताना. फुरसं आणि घोणस रात्रीच बाहेर पडतात, तेव्हा दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही, हाताआधी काठी. माणशी तीन लिटर पाणी. चक्कर आली तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

एवढं सगळं चढणाऱ्याने सांभाळायचं, मान्य. पण पुढचं त्याच्या हातातलं नाही.

सूर्य उगवला की शेकडो लोक एकदम उतरायला लागतात आणि त्याच अरुंद धारेवरून उशिरा निघालेले वर येत असतात. दरीच्या कडेला कोण थांबायचं? तिथे दोन्ही टोकांना माणूस उभा करून आळीपाळीने सोडायला किती खर्च येतो, साहेब? पायथ्याशी पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून वेळ ठरवून द्या. दहा हजार लिटरचा एक टँकर तेहतीसशे लोकांना पुरतो. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या तळोद्याला आहेत, किती धडगावला, हे यात्रेआधी फलकावर लिहा. पहिल्याच मात्रेला साधारण दहा लागतात. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून पायथा आणि माथा यांच्यात पोलिसांचे वायरलेस संच ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी. आपला ड्रायव्हरही त्याच गटातला असतो. सकाळी सहाला उठतो, दिवसभर गाडी चालवतो, रात्रभर चढतो, सूर्य बघतो, उतरतो आणि अकरा वाजता पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. एकोणतीस तास डोळ्याला डोळा नाही. समोर घाट. पिकअपच्या मागच्या हौद्यात पंचवीस माणसं, अर्धी उभी. वळणावर सगळी एका बाजूला कलंडतात तशी गाडीही कलंडते. ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची असते, पण पेंगुळलेला माणूस वरच्या गिअरमध्ये सोडतो, पाय ब्रेकवर दाबून. ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक लागत नाही. मालवाहू गाडीत माणसं भरणं बेकायदा आहे हे तळोद्यापासून धडगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भरतात, कारण दुसरं वाहन नाही. पावती फाडून माणूस घरी पोचत नाही.

अर्ज देतात लोक. पोच मिळते. पुढे विचारलं की फाइल वर गेली. मग बैठक, मग दिवाळी, मग अपघात, मग श्रद्धांजली. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून हा जिल्हा वेगळा काढला, तो कारभार जवळ यावा म्हणून. 2018 मध्ये केंद्राने याला आकांक्षित जिल्हा म्हटलं, म्हणजे विकासात मागे राहिलेला. आणि आजही अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या पाड्यावरची बाळंतीण बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत येते. चार जण खांदा देतात, चार बदलीला चालतात, एक पुढे उजेड धरतो. यात्रेकरूचा पाय मोडला तरी हीच झोळी, आणि हेच भिल्ल-पावरा भाऊ रात्री अंथरुणातून उठून येतात. त्यांना ना मानधन, ना विमा, ना साधं स्ट्रेचर. भाविकांची काळजी आहे म्हणणाऱ्या सरकारला या नऊ जणांची आठवण का होत नाही? त्यांना यात्रेच्या दिवसांत रोजाने नेमा, प्रथमोपचार शिकवा. त्या वाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत आहेत?

सध्या एकच मागतो. तळोदा ते अस्तंब्याचा पायथा, धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत, दुपारी जाणाऱ्या आणि सकाळी नऊपासून दर तासाला परतणाऱ्या एसटी सोडा. घाटाचा सराव असलेले आणि रात्री झोपलेले चालक द्या. वेळापत्रक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नंदुरबार, शहादा आणि अक्कलकुव्याच्या स्थानकांवर लागलं पाहिजे, कारण पिकअप ठरते ती त्याच आठवड्यात.

आपले,
धुळे-नंदुरबारकडचे डोंगर चढणारे