टोपलीवरचा माणूस

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतली वाचकांनी काढलेली छायाचित्रं मी चवीनं पाहतो. फोटोंखालच्या ओळींबद्दल मात्र थोडं बोलायचंय.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला. दादर पश्चिमेच्या फूलबाजारात पहाटे एक फोटो मिळाला: उलट्या टोपलीवर बसलेला हमाल, डोकं हातात, पायाशी तुडवलेला झेंडू. आमच्या छायाचित्रण मंडळात सगळे हळहळले. ‘हताशा’, ‘शहराने पिळून काढलेला माणूस’. मीही मान डोलावली. एका मुलीनं तेवढं विचारलं, “काका, त्याच्या कानात काय आहे?” कोणी लक्षच दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रिंट घेऊन त्यालाच गाठलं. तो खो खो हसला. “अवो, म्याच ऐकत व्हतो! गेली ना इकेट!” हाताआड इअरफोन होता. वर म्हणाला, “बनियन फाटकं दिसतंय, बायकोला दावू नका.”

फ्रेंच छायाचित्रकार अंरी कार्तिए-ब्रेसाँचा 1932 चा पॅरिसमधला फोटो घ्या. सां-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस सगळ्यांना आठवतो. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात तशीच झेपावणारी आकृती आहे, ती कितीजण पाहतात? फोटोवर बोलताना आधी दिसतं ते सांगावं, अर्थाचं नंतर बघू.

तेव्हा विनंती एवढीच, फोटोखाली ‘जगण्याची लढाई’ अशी ओळ छापण्याआधी फोटो काढणाऱ्याला एक फोन करा. आणि हो, प्रिंट त्या हमालानं ठेवून घेतली. बनियनवर अंगठा धरून.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, डोंबिवली