रविवारच्या कळसूबाईसाठी कपड्यांच्या रंगाबद्दल

मंडळी, रविवारी कळसूबाईला येणाऱ्या सगळ्यांनी प्लीज हे नीट वाचा. रेनकोट, पोंचो आणि सॅकचं कव्हर भडक रंगाचंच आणा, केशरी, लाल किंवा तो झगझगीत पिवळा, कारण १६४६ मीटरवर पावसाळ्यात ढग अंगावर येतात आणि काळा, राखाडी, गर्द हिरवा रंग त्यात पार विरघळून जातो. गेल्या वर्षी शिडीजवळ आपल्यातलाच एकजण राखाडी पोंचोत दहा पावलांवर उभा होता आणि आम्ही हाका मारत बसलो, दिसला कधी तर त्याने लाल नॅपकिन हलवला तेव्हा, माझ्या पोटात तोवर गोळा आला होता.

नवीन खरेदी करायची गरज नाही, घरातली जुनी केशरी ओढणी सॅकला घट्ट बांधली तरी चालेल. लहान मुलांना मात्र पिवळाच रेनकोट घाला.

आणि हो, पुढे थंडीतल्या ट्रेकला आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली काळे कपडे नकोत, गडद रंगावर माश्या जास्त चवताळतात, परफ्यूमही लावू नका. ताडोबाच्या जंगलात जाल तेव्हा खाकी, मातकट कपडे घाला, इथे नको.

शनिवारी रात्रीपर्यंत रेनकोटचा रंग ग्रुपवर टाका.